मृत्युपत्र : जपावे कसे, बदलावे केव्हा

वही सांभाळून ठेवावी आणि ती वेळच्या वेळी पुरी करावी, हे व्यापारी घराला कोणी शिकवावे लागत नाही. दहा वर्षांपूर्वीची खतावणी कोणत्या कपाटात आहे, हे मुनीमजी क्षणात सांगतात. मृत्युपत्राच्या बाबतीत मात्र हीच दक्षता कुठे हरवते कोण जाणे! एकदा ते लिहून झाले, दोन साक्षीदारांच्या सह्या पडल्या, की कर्तव्य संपले असे आपण मानतो. पुढे वर्षानुवर्षे तो कागद कोणी उघडत नाही. आणि उघडण्याची वेळ येते तेव्हा खुलासा करण्यास लिहिणारा उरलेला नसतो.

प्रथम जपणुकीचा विचार करू. बँकेतील लॉकर सुरक्षित खरा. परंतु तो एकट्याच्या नावावर असून नामनिर्देशन केलेले नसेल, तर वारसांना हक्काची कागदपत्रे दाखविल्याशिवाय तो उघडता येत नाही, आणि मुख्य कागद तर आतच अडकलेला असतो. घरच्या तिजोरीत ठेवलेली मूळ प्रत सापडलीच नाही, तर ती गहाळ झाली की वडिलांनीच फाडून रद्द केली, हा प्रश्न भावाभावांत उभा राहतो. म्हणून मृत्युपत्रातील मजकूर सर्वांना सांगितला नाही तरी चालेल. मूळ प्रत कोठे आहे, हे मात्र व्यवस्थापकास आणि आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असलेच पाहिजे.

याहून भक्कम सोय 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. पण दुय्यम निबंधकाकडे ती केल्यास मजकुराची नक्कल सरकारी पुस्तकात राहते, आणि लिहिणारा हयात असेपर्यंत ती त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला सोडून इतर कोणास मिळत नाही. दुसरा मार्ग आपल्याकडे फारसा कोणी वापरत नाही. मृत्युपत्र मोहोरबंद लिफाफ्यात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देता येते. ते तेथे अग्निरोधक पेटीत राहते. हयातीत परतही घेता येते. मृत्यूनंतर कोणी अर्ज केला, की तो लिफाफा अर्जदारासमक्ष उघडून त्याची नक्कल नोंदविली जाते. मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता बदलाविषयी. समजा, एका गृहस्थांनी दुकान मुलाला आणि गोदाम मुलीला लिहून दिले. पुढे धंद्याच्या गरजेपोटी त्यांनी गोदाम विकले, पैसा दुकानात घातला. मृत्युपत्र मात्र तसेच राहिले. दिलेली विशिष्ट वस्तू हयातीतच विकली गेली, तर ती देणगी निष्फळ होते. विक्रीची रक्कम तिच्या जागी येत नाही. वडिलांनी मनात दोघांना समान धरले होते, पण कागदाने मुलीला रिकाम्या हाती पाठविले. येथे कोणाच्या मनात कपट नव्हते. केवळ खाते पुढे ओढायचे राहून गेले होते.

म्हणून घरात जन्म, विवाह, घटस्फोट वा मृत्यू घडला, मिळकत घेतली वा विकली, भागीदारीचा करार बदलला, किंवा नेमलेला व्यवस्थापक निवर्तला, की मृत्युपत्र पुन्हा वाचावे. बँक, शेअर इत्यादींतील नामनिर्देशनेही त्याच वेळी पडताळावीत. शेअरच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती त्यांची मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. दोन कागद दोन नावे सांगू लागले, की कलहाला वाट मिळते.

बदल करताना मूळ प्रतीवर पेनाने खाडाखोड करू नये. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, दुरुस्तीलाही मृत्युपत्राप्रमाणेच स्वतःची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बदल लहान असेल तर पुरवणी मृत्युपत्र करावे आणि ते मूळ प्रतीबरोबरच ठेवावे. बदल मोठा असेल तर नवे मृत्युपत्र करून, ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द’ असे त्यात तारखेसह नमूद करावे. जुने नोंदणीकृत असले तरी विधिवत केलेले नंतरचे मृत्युपत्र नोंदणीविनाही त्याला रद्द करू शकते. तथापि वाद टाळण्यासाठी नव्याचीही नोंदणी केलेली बरी.

दिवाळीत आपण नव्या वहीचे पूजन करतो, तेव्हा सर्व कुटुंब एकत्र असते. त्याच दिवसांत घरातील वडीलधाऱ्यांनी मृत्युपत्र काढून एकदा शांतपणे वाचावे. काही बदलायचे नसेल तर परत ठेवावे; असेल तर लाभपंचमीनंतर वकिलांची वेळ घ्यावी. मिळकत किती मागे ठेवली, हे मुले कालांतराने विसरतील. ती वाटून घेताना एकमेकांशी बोलणे टिकले की तुटले, हे मात्र पुढच्या पिढीलाही आठवत राहील.