निरोपाची तयारी

३० जून १९७१ च्या पहाटे कझाकस्तानच्या गवताळ मैदानावर ‘सोयूझ ११’ हे सोव्हिएत यान उतरले. साल्यूत स्थानकावर तीन आठवडे राहून तिघे अंतराळवीर परतत होते. हवाई छत्री वेळेवर उघडली होती, यानही शाबूत होते. दार उघडले तेव्हा दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव आपापल्या आसनांत निश्चल बसलेले आढळले. देह अजून उबदार होते. प्राण मात्र गेले होते. यानाचे भाग विलग होताना एक झडप अवेळी उघडली आणि आतली हवा निघून गेली. प्रत्यक्ष अंतराळात मृत्यू पावलेली माणसे आजवर एवढीच. ‘चॅलेंजर’ आणि ‘कोलंबिया’चे अपघात पृथ्वीच्या वातावरणात घडले.

या तिघांना निदान भूमी लाभली. मॉस्कोत क्रेमलिनच्या भिंतीत त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. २००३ साली गेलेल्या कल्पना चावलाचे अवशेष अमेरिकेतील झायन राष्ट्रीय उद्यानात विखुरले गेले. तशी तिची इच्छा होती आणि ती घरच्यांना ठाऊक होती.

पण उद्या मंगळाच्या वाटेवर कोणी गेला तर? चारशे किलोमीटरवरच्या अंतराळ स्थानकातून काही तासांत पृथ्वीवर येता येते. मंगळाची मोहीम साधारण तीन वर्षांची. एकदा निघालेले यान मध्येच वळवून घरी आणणे जवळजवळ अशक्य. मंगळ दूर असतो तेव्हा तिथला शब्द पृथ्वीवर पोहोचायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे ‘आता काय करू?’ या प्रश्नाचे उत्तर चाळीस मिनिटांनी येणार, आणि तेवढा वेळ उरलेल्या सोबत्यांनी मृत मित्राशेजारी बसून काढायचा.

उपाय सुचवले गेले आहेत, पण प्रत्येकात काही ना काही अडचण आहे. देह बाहेर सोडून द्यावा म्हटले, तर तो दूर जात नाही. यानाच्याच वेगाने, यानाच्याच वाटेने सोबत येत राहतो. मंगळावर पुरावा, तर देहातील असंख्य सूक्ष्मजीव त्या परक्या मातीत जातील, आणि तिथे जीवन आहे का हाच तर आपला शोध. दहन करावे, तर अग्नीला प्राणवायू हवा. मंगळाची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची. एका स्वीडिश कंपनीने देह थंडीने गोठवून, कंपनांनी त्याची भुकटी करून घरी आणण्याची कल्पना मांडली होती. ऐकताना अंगावर काटा येतो, पण निदान माणूस घरी परत आणावा ही आच तिच्यात आहे.

तंत्र कुठले ना कुठले निघेल. खरा प्रश्न तंत्राचा नाही, बोलण्याचा आहे. १९६९ साली आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर अडकून पडले तर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काय बोलावे, याचा मसुदा लेखनिक विल्यम सफायर यांनी आधीच लिहून ठेवला होता. त्या दोघांच्या पत्नींना निक्सन यांनी आधी दूरध्वनी करावा आणि धर्मगुरूने समुद्रात देह सोडताना करतात तसा विधी करावा, असेही त्यात होते. सुदैवाने तो कागद कामी आला नाही. पण तो लिहिणाऱ्याला कोणी अभद्र म्हणणार नाही.

कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांनी आपल्या २०१३ च्या पुस्तकात अशाच एका सरावाविषयी लिहिले आहे. स्थानकावर त्यांचा मृत्यू झाला असे धरून अधिकारी चर्चेला बसले. त्यांच्या पत्नीही होत्या. आईवडिलांना कोणी कळवायचे, देह कुठे ठेवायचा, असे प्रश्न निघाले. ते अंतराळात असताना आपण हिमालयात भटकंतीला जावे असा पत्नीचा बेत होता. तसे काही घडलेच तर आपण किती दूर अडकू, हे सरावात त्यांच्या ध्यानात आले.

आपल्याकडे असे विषय काढले की घरातली वडीलधारी मंडळी ‘शुभ बोल रे’ म्हणून गप्प करतात. त्यामागे मायाच असते. पण ज्याचा देहच हाती लागत नाही त्याच्यासाठी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याची रीत आपल्याच पूर्वजांनी घालून दिली. दूरदेशी गेलेला, पुरात वाहून गेलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे होता. घरच्यांना कुठेतरी निरोप घेता आला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

२०२५ साली शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर राहून आले. ‘गगनयान’ची तयारी सुरू आहे. आपल्या मोहिमा आज थोड्या दिवसांच्या असल्या, तरी नियम आताच ठरवावेत. प्रत्येक प्रवाशाने आपली इच्छा लिहून ठेवावी. वार्ता जगाआधी घरी पोहोचावी, तीही कोणा माणसाच्या तोंडून. आणि यानात उरलेल्यांना, कितीही कामे खोळंबली असली तरी, शोक करायला वेळ द्यावा. भरल्या मनाने यंत्रे चालवणारा माणूस चुकतो, आणि तिथली चूक दुसरा जीव घेते.

हे सारे अंतराळवीरांपुरतेच नाही. लेकरे परदेशी आणि आईवडील गावी, अशी घरे आज कमी नाहीत. माझ्यामागे काय करायचे, हे ज्याने सांगून ठेवले, त्याच्या माणसांना दुःख चुकत नाही. पण ‘त्याला हे आवडले असते का?’ ही टोचणी चुकते. एखाद्या रविवारी चहा घेताना हा विषय घरात काढावा. अशुभ काही होत नाही.