स्कार्लेटच्या मागे उभी असलेली स्त्री

‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाचा विषय निघाला की बोलणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एकाला तो हॉलिवूडच्या वैभवाचा मुकुटमणी वाटतो. दुसऱ्याला गुलामगिरीवर घातलेली रेशमी झूल. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली अंत झाला. त्यानंतर उसळलेल्या प्रक्षोभात एचबीओ मॅक्स या कंपनीने हा चित्रपट आपल्या संग्रहातून काढून घेतला आणि दोनेक आठवड्यांनी, चित्रपटाच्या अभ्यासक जॅकलिन स्ट्युअर्ट यांचे प्रास्ताविक जोडून, परत ठेवला. त्या पंधरवड्यात घराघरांतून आणि कचेऱ्यांतून हे दोन्ही पक्ष तावातावाने बोलले. नेहमीचा सवालही झालाच: करमणुकीत राजकारण कशाला? जणू दक्षिणेकडील मळेवाल्यांच्या ऱ्हासावर जवळजवळ चार तास हळहळणे हे राजकारण नव्हतेच!

या दोन पक्षांपेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकावा असा एक तिसरा सूरही आहे. स्कार्लेट ओ’हारा ही स्वतंत्र बाण्याची स्त्री आहे, असे तो सांगतो. ती नवऱ्याच्या जिवावर जगत नाही, लाकडाचा धंदा करते, ओसाड पडलेली वाडी स्वतःच्या हिमतीवर उभी करते. १९३९ साली पडद्यावर अशा स्त्रिया कितीशा होत्या? या युक्तिवादात तथ्य आहे. पण त्याच चित्रपटातील एक प्रसिद्ध दृश्य आठवावे. स्कार्लेट पलंगाचा खांब धरून उभी आहे आणि तिची कंबर बारीक दिसावी म्हणून मागे उभी असलेली मॅमी तिच्या कॉर्सेटच्या नाड्या आवळीत आहे. स्त्रीच्या देहावर लादलेल्या बंधनांविषयी या दृश्यावरून पुष्कळ बोलता येते, आणि तसे बोललेही जाते. ज्या हातांनी त्या नाड्या आवळल्या त्या हातांचे काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ‘मॅमी’ हे तिचे नाव नव्हे, हाक आहे. तिला मुलेबाळे होती की नाही, असली तर ती कोणत्या बाजारात विकली गेली, याचा चित्रपटात पत्ता नाही. प्रिसी ही दुसरी दासी. तिच्या श्रीमुखात भडकावणारा हात खुद्द स्वातंत्र्यप्रिय नायिकेचाच आहे.

मॅमीची भूमिका करणारी हॅटी मॅक्डॅनियल ही गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांची मुलगी. नटीचा धंदा चालत नसे तेव्हा तिने धुणीभांडी करून पोट भरलेले होते. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटा येथे चित्रपटाचा पहिला खेळ मोठ्या थाटामाटात झाला. परंतु जॉर्जियातील वर्णभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय कलावंतांना तेथे येता आले नाही. पुढे २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिस येथील अँबॅसडर हॉटेलात तिला साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या हॉटेलात तिला प्रवेश मिळावा म्हणून निर्माता सेल्झनिक यास रदबदली करावी लागली, आणि तिला बसविले ते सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या एका लहान टेबलाशी. उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक घेणारी व्हिव्हियन ली त्याच दालनात होती. स्त्रियांच्या यशाची रात्र म्हणून तिचे वर्णन करावयाचे झाल्यास ही दोन टेबले डोळ्यांपुढे ठेवावी लागतील.

मॅक्डॅनियलवर टीका झाली ती गोऱ्यांकडूनच असे नाही. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांनी अशा मोलकरणींच्या भूमिकांवर कडाडून हल्ला चढविला. तत्त्व म्हणून त्यांचे म्हणणे बरोबर होते. तरीही मॅक्डॅनियलला दोष देणे आम्हाला पटत नाही. तिच्यापुढे दुसऱ्या कोणत्या भूमिका होत्या? शिवाय ती केवळ पडद्यावर मान लववून थांबली नाही. लॉस एंजेलिसमधील ज्या वस्तीत तिने घर घेतले, तेथील गोऱ्या शेजाऱ्यांनी जुन्या करारांचा आधार घेऊन कृष्णवर्णीयांना हुसकावण्यासाठी दावा लावला. तिने इतर रहिवाशांसह तो लढविला आणि १९४५ साली जिंकला. असले करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो त्यानंतर तीन वर्षांनी.

वर्ण आणि लिंग यांच्या सांध्यात स्त्री कशी चिरडते, याला न्यायालयाचाही दाखला आहे. जनरल मोटर्सविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी लावलेला दावा १९७६ साली फेटाळला गेला. कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणजे स्त्रियांवर अन्याय नव्हता. आणि कृष्णवर्णीयही होते. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि ते कृष्णवर्णीय पुरुष होते, या गोष्टीला न्यायालयाने किंमत दिली नाही. १९८९ साली किंबर्ले क्रेनशॉ या विदुषीने याच दाव्यावर बोट ठेवून आपली मांडणी केली आणि ती पुढे जगभर गेली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे मराठी वाचकाला म्हणता येणार नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना. ज्या व्यवस्थेच्या अंताबद्दल पुण्यात कृतज्ञता व्यक्त झाली, तिच्याच अंताबद्दल हॉलिवूडने सहासष्ट वर्षांनी अश्रू ढाळले, आणि आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी ते अश्रू आपले मानले. फुल्यांचा तो ग्रंथ आणि हा चित्रपट एकाच घरात, एकाच कपाटात नांदत आला, आणि त्याचे कोणाला फारसे वैषम्य वाटले नाही.

म्हणून चित्रपट काढून घेणे हा उपाय आम्हाला मान्य नाही. कपाट रिकामे केल्याने संभाषण थांबते, एवढेच. प्रास्ताविक जोडून तो दाखविणे अधिक कठीण आणि अधिक प्रामाणिक आहे; कारण मग स्कार्लेटवर प्रेम करणाऱ्यालाही मॅमीकडे पाहावे लागते. त्याच जूनमध्ये अमेरिकेतील अनेकांनी वर्णद्वेष समजून घेण्यासाठी ‘द हेल्प’ हा चित्रपट लावला, हे मात्र मासलेवाईक होय. त्यातील मोलकरणीच्या भूमिकेसाठी ऑक्टेव्हिया स्पेन्सरला २०१२ साली ऑस्कर मिळाले होते. आणि त्यातच काम केलेल्या व्हायोला डेव्हिसने २०१८ मध्ये खंत व्यक्त केली होती की, मोलकरणींच्या त्या कथेत मोलकरणींचाच आवाज ऐकू येत नाही.

मॅक्डॅनियल १९५२ साली वारली. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला जागा मिळावी अशी तिची इच्छा होती. ती भूमी गोऱ्यांसाठी राखीव असल्याने तिला दुसरीकडे पुरावे लागले. आपले ऑस्कर तिने हॉवर्ड विद्यापीठाला दिले होते. ते पुढे गहाळ झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात अकादमीने विद्यापीठाला त्याच्या जागी दुसरे दिले.