‘शॅल’ म्हणजे ‘बघू’ नव्हे, साहेब!

परवा एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. रस्त्याच्या कामाची माहिती मागून दीड महिना झाला. साहेब हसून म्हणाले, “अहो पत्रकार, कायद्यात ‘माहिती देईल’ असंच आहे ना? मग देऊ की!”

सगळा घोळ या ‘देईल’मध्येच आहे.

माहिती अधिकार कायदा, 2005 मुळात इंग्रजीत आहे. त्यातले दोन शब्द नीट ओळखून ठेवा, ‘शॅल’ आणि ‘मे’. व्याकरणात दोघे सख्खे भाऊ. दोन्ही सहायक क्रियापदं, दोघांपुढे क्रियापद मूळ रूपातच येतं. शाळेत सरांनी शिकवलं, ‘आय’ आणि ‘वुई’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’. म्हणजे साधा भविष्यकाळ. पण कायद्याची इंग्रजी वेगळी. तिथे ‘अधिकारी शॅल’ म्हणजे त्याने केलंच पाहिजे. ‘मे’ म्हणजे करता येईल, मुभा आहे. कायद्याच्या मराठीत ‘शॅल’चं बहुधा ‘करील’ होतं, आणि ‘करील’ म्हटलं की आपल्याकडे पुढच्या सोमवारचा वायदा!

आता कलमं बघा. 7(1), अर्जावर 30 दिवसांत निर्णय: ‘शॅल’. 7(6), मुदत चुकली तर माहिती फुकट: ‘शॅल’. 20(1), सबळ कारणाशिवाय मुदतीत माहिती दिली नाही तर आयोगाने दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड लावायचा: तिथेही ‘शॅल’. मग ‘मे’ कुठे? 19(1) मध्ये, अपील करणाऱ्या नागरिकासाठी. म्हणजे मुभा तुम्हाला, सक्ती साहेबांना. चाललंय नेमकं उलटं.

वकील मित्र म्हणतील, कोर्ट कधीकधी ‘शॅल’सुद्धा बंधनकारक मानत नाही. खरंय. 1957 च्या मनबोधन लाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तसंच मानलं. पण कायद्याचा हेतू तपासून ते ठरवायचं कोर्टाने. टेबलामागे बसून साहेबांनी नव्हे!

मी काल पहिलं अपील टाकलं. तुमचा अर्ज अडकला असेल तर तुम्हीही टाका, मुदत संपल्यापासून 30 दिवसांच्या आत. आणि शासनाला एकच सांगणं आहे, कायद्याच्या मराठीत ‘देईल’ नको, सरळ ‘दिलीच पाहिजे’ असं छापा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू.