पायाची फुगलेली शीर चोळू नका

नंदुरबारच्या मिरची पथारींवर बायका तासन्‌तास बसून देठ खुडतात. बेकरीत, दुकानात काम करणारे दिवसभर उभे असतात. पोटऱ्या दोघांच्याही हलत नाहीत. पायातले रक्त वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि शिरांतल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. या झडपा सैल झाल्या की रक्त साचते, शिरा फुगून वेड्यावाकड्या, निळसर दिसू लागतात. डॉक्टर त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

दिसायला वाईट, एवढेच समजून आपण गप्प बसतो. पण तैवानमध्ये चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण अशा शिरा असणाऱ्यांत सुमारे पाचपट आढळले. शिरांमुळेच गुठळी होते, असे त्यातून सिद्ध होत नाही. तरी आकडा सोडून देण्यासारखा नाही.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती बाळंतिणीची. गरोदरपणात शिरा फुगतात, रक्तही लवकर गोठते, आणि हा धोका बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे राहतो. म्हणजे नेमके आपल्या घरांतले चिल्ल्याचे चाळीस दिवस! त्यात कित्येक घरी तिला पलंगावरून उतरू देत नाहीत, पाणीही मोजून देतात. सासूबाईंची माया आम्ही जाणतो. विश्रांती द्याच, पण तिला घरातल्या घरात चालू द्या, तहान लागेल तेवढे पाणी पिऊ द्या. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांना विचारून, पण चालवा. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल बराच आढळतो. त्यातही गुठळीचा धोका वाढतो, म्हणून तो असल्यास दवाखान्यात आधीच सांगा.

आणि पाय दुखला की मालिशवालीला बोलावणे थांबवा. शीर दोरीसारखी कडक, लाल, गरम झाली किंवा एकच पाय सुजून पोटरी दुखू लागली, तर चोळायचे नाही. खोल शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायाच्या शिरांची सोनोग्राफी, म्हणजे कलर डॉपलर, केली की कळते. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, तर 108 ला फोन करा. अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना लांब पडतो. तिथल्या भगिनींनी सूज दिसताच निघावे, रात्र पडू देऊ नये.