पाट मोकळा झाला, आता सावड हवी



या सदरातून आपण पिकाच्या, जमिनीच्या आणि जनावरांच्या दुखण्यांविषयी नेहमी बोलतो. आज पीक पिकवणाऱ्याच्या दुखण्याविषयी बोलायचे आहे. 'अँजिओप्लास्टी' हा शब्द आता खेड्यात कुणाला नवा राहिलेला नाही. कुणी म्हणतो 'बलून केला', कुणी म्हणतो 'स्प्रिंग टाकली'. पारावर दहा माणसे जमली, की त्यांत एखादा स्प्रिंगवाला निघतोच. हा माणूस दोन-चार दिवसांत चालत-बोलत घरी येतो आणि घरच्यांना प्रश्न पडतो, की आता याला बसवून ठेवायचे की कामाला लावायचे? या प्रश्नाचा विचार आज करू.

झाले काय, ते आधी समजून घ्या

हृदय हा आपल्या अंगातला पंप. सगळ्या शरीराला तो रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. ठिबकच्या नळीत क्षार साचावेत, तशी या वाहिन्यांच्या आतल्या भिंतीत चरबीची पुटे साचतात. वाट अरुंद झाली, की चढण चढताना छाती भरून येते. वाट एकाएकी बंद झाली, तर तो हृदयविकाराचा झटका.

अँजिओप्लास्टीत डॉक्टर मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्या टोकाशी असलेला चिमुकला फुगा अरुंद जागी फुगवतात. वाट मोकळी झाली, की ती तशीच राहावी म्हणून तेथे धातूची बारीक जाळी बसवतात. तिलाच आपण स्प्रिंग म्हणतो. छाती उघडावी लागत नाही. बहुतेक वेळा रोगी जागाच असतो.

ही युक्ती फार जुनी नाही. आंद्रेआस ग्रुंटझिग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे ३८ वर्षांच्या एका माणसावर हा उपचार जगात प्रथम केला. फुग्याच्या सुरुवातीच्या नळ्या त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तयार केल्या होत्या. हृदयात जाळी बसवण्याचे काम १९८६ साली फ्रान्समध्ये प्रथम झाले. जी गोष्ट त्या वेळी नवलाची होती, ती आज जिल्ह्याच्या ठिकाणीही रोजची झाली आहे.

खर्चाचेही सांगतो. राज्य सरकारची महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना तुम्हाला ठाऊक असेल. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ साली तिला हे नाव मिळाले. योजनेच्या यादीतील रुग्णालयात हा उपचार तिच्यात बसतो. तेथे 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला गाठा. सावकाराचे दार त्याच्या नंतर.

दुरुस्ती तासाभराची, राखण वर्षाची

आता मुख्य मुद्दा. चोंदलेली नळी आम्लप्रक्रियेने साफ केली, पण विहिरीचे पाणी तसेच क्षाराचे राहिले, तर नळी पुन्हा चोंदणारच. डॉक्टरांनी एक जागा मोकळी केली. ती चोंदली ज्या कारणांनी, ती कारणे घरातच आहेत : तंबाखू, विडी, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तेल-तूप, आणि मनाला लागलेला घोर.

दुसरे असे, की नवी जाळी म्हणजे नवा बांध. बांधावर गवत धरेपर्यंत तो जपावा लागतो. तशीच जाळीवर आतून शरीराची पातळ कातडी धरेपर्यंत तेथे रक्ताची गाठ होण्याचे भय असते. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या देतात. त्या बहुधा काही महिने ते वर्षभर चालतात, आणि पुढे त्यांतली एक कायम राहते. बरे वाटते म्हणून गोळी सोडणे म्हणजे पहिल्या पावसाआधीच बांधाची राखण सोडणे. दात काढायचा असला किंवा दुसरे कसले ऑपरेशन निघाले, तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही खंड पडू देऊ नका. अंग दुखते म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी परस्पर आणून घेऊ नका. झाडपाल्याचेही तेच.

ही राखण एकट्याने होत नाही. शेतकऱ्याला रजा नसते. धारेची वेळ चुकत नाही, पाण्याची पाळी थांबत नाही, आणि हरभऱ्याला घाटेअळी लागते ती मालकाची तब्येत विचारून लागत नाही. घरी आलेला माणूस चार दिवस खाटेवर पडून छताकडे बघतो आणि पाचव्या दिवशी गुपचूप खोरे उचलतो. खरा धोका इथे आहे.

यावर आपल्या वाडवडिलांनी औषध करून ठेवले आहे. त्याचे नाव सावड. कुठे पैरा म्हणतात, कुठे इर्जिक घालतात. नांगरटीला आणि कापणीला आपण एकमेकांच्या रानात जातो. मग हृदयाच्या दुखण्यात का जाऊ नये?

सावड वाटून घ्या

आमच्या मंडलातल्या एका गावात मी हे डोळ्यांनी पाहिले. एका कांदा-उत्पादकाची अँजिओप्लास्टी झाली. त्याच्या पाच मित्रांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामे लिहून वाटून घेतली. "काही लागले तर सांग" असे एकानेही म्हटले नाही. हे वाक्य बोलायला सोपे असते, पण आजारी माणूस भिडेपोटी कधीच काही सांगत नाही. त्यांनी विचारले ते असे : "सोमवार-गुरुवारचे पाणी मी धरतो. चालेल ना?" मदत अशी नेमकी असावी.

तुमच्याही गावात कुणावर ही वेळ आली, तर कामे अशी वाटा.

पहिले काम ओझ्याचे. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. १६ लिटरचा फवारणी पंप भरून पाठीवर घेतला, की त्याच्या स्वतःच्या वजनासह तो २० किलोच्या आसपास जातो. नळी मनगटातून घातली असेल, तर त्या हाताने काही दिवस भरलेली बादलीही उचलायची नाही. जांघेतून घातली असेल, तर आठवडाभर उकिडवे बसणे आणि पायऱ्यांची चढउतार शक्य तितकी टाळायची. दोरी ओढून इंजिन सुरू करणे, बैल आवरणे, ट्रॅक्टर चालवणे ही कामे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुसऱ्याने करावीत. झटका येऊन गेलेला असेल, तर ही मुदत लांबते. फवारणी तर सर्वात शेवटी. काही कीटकनाशकांचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो.

दुसरे काम रात्रीच्या पाण्याचे. जेथे शेतीची वीज अजून रात्रपाळीने येते, तेथे थंडीत मध्यरात्री दंडावर जाणे हे नव्या स्प्रिंगवाल्याचे काम नव्हे. शेजारच्या बांधकऱ्याने आपल्या पाण्याबरोबर त्याचेही दोन वाफे भिजवावेत.

तिसरे काम दवाखान्याच्या खेपेचे. तपासणीच्या तारखेला सोबत एक जण जावा, तोही ऐकून लक्षात ठेवणारा. गोळ्यांची पाकिटे संपण्याआधी आठ दिवस नवी आणून ठेवावीत. तालुक्याला जाणारा कुणी ना कुणी असतोच. त्याच्याकडे चिठ्ठी द्यावी.

चौथे काम सगळ्यांत सोपे, आणि तेच विसरले जाते. ते म्हणजे बरोबर चालणे. सुरुवातीला सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे, मग रोज थोडे वाढवत, डॉक्टरांच्या सल्ल्याने अर्ध्या तासापर्यंत. चालताना बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली, तर चाल कमी करावी. जेवल्याबरोबर आणि कडक उन्हात चालू नये.

मी स्वतः ५६ व्या वर्षी यातून गेलो, म्हणून हे ठासून सांगतो. माझा कृषी महाविद्यालयातला एक जुना सोबती महिनाभर रोज सकाळी दारात येऊन उभा राहायचा. त्याने माझ्या हृदयाची चौकशी फारशी केलीच नाही. तुरीला फुलगळ का होते आणि ज्वारीचा कडबा यंदा काय भावाने जाईल, यावर आम्ही वाद घालत चालायचो. या दुखण्यानंतर मन उगाच खचते, रात्री झोप लागत नाही, छातीत जरा कळ आली तरी घाम फुटतो. तसे होणे पुष्कळांच्या वाट्याला येते. ते फार दिवस टिकले, तर डॉक्टरांना सांगावे. पण माझ्यापुरते सांगायचे तर कडब्याच्या भावाने मला पुष्कळ सावरले.

भेटीला जाणाऱ्यांनो, ऐका

भेटायला जाताना दहा जण एकदम जाऊ नका. "अमक्याला असेच झाले आणि महिन्याने तो गेला" ही गोष्ट उंबऱ्याबाहेर ठेवा. पेढे, भजी, फरसाण नेऊ नका. दोन पेरू न्या, पालेभाजीची जुडी न्या. रोग्याला मधुमेह असेल, तर फळही विचारून न्या. पापड, लोणचे, खारे शेंगदाणे यांतले मीठ रक्तदाब वाढवते. तेल बदलण्यापेक्षा ते मोजून वापरणे महत्त्वाचे.

आणि चंची. ज्या मित्राने तुमचा ऊस तोडायला हात लावला, तोच पारावर प्रेमाने चिमूट पुढे करतो. ही सावड नव्हे. तंबाखू, विडी, मिश्री, गुटखा यांपैकी काहीही सुरू राहिले, तर डॉक्टरांची मेहनत पाण्यात जाते. त्याच्यासमोर चंची सोडू नका. जमले, तर त्याच्याबरोबर तुम्हीही सोडा. दोघांनी मिळून सोडलेली सवय एकट्याने सोडलेल्या सवयीपेक्षा सोपी जाते.

घरधनिणीची सावड कोण करणार?

हा प्रश्न मला मुद्दाम विचारायचा आहे. धन्याला स्प्रिंग बसली, तर अख्खी भावकी धावते. पण धनिणीला बसली तर? चौथ्या दिवशी तिच्या डोक्यावर हंडा असतो आणि पाचव्या दिवशी ती चुलीच्या धुरात असते. भाकरी थापणे, धुणे आपटणे, गोठा लोटणे यांना कुणी काम म्हणतच नाही, म्हणून त्यातून तिला सुट्टीही मिळत नाही. बायांमध्ये हे दुखणे कधी कधी छातीत न दुखता दम लागणे, मळमळ, पाठ-जबडा भरून येणे, कारण नसताना गळून जाणे असे दिसते. म्हणून ते ओळखूही उशिरा येते.

तेव्हा आळीतल्या जावा-नणंदांनी आणि बचत गटाच्या भगिनींनी भाकरीची पाळी लावावी. घरातल्या पुरुषांनी पाणी भरावे, धार काढावी. आणि धन्याचे दुखणे असले, तरी हे विसरू नका, की त्याची आणि रानाची दोन्ही कामे तेव्हा तिच्याच अंगावर पडतात. तिच्याही हातातले एखादे काम कुणीतरी घ्यावे.

हे दिसले तर थांबू नका

छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, गार घाम, दम लागणे : यांपैकी काही झाले, तर काम सोडून खाली बसा. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर बसूनच घ्या. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. स्वतः मोटारसायकलवर निघू नका. नळी घातलेल्या जागेतून रक्त येऊ लागले, तर आडवे व्हा, जागा घट्ट दाबून धरा आणि मदत बोलवा. हात किंवा पाय गार व बधिर पडला, शौचास डांबरासारखी काळी झाली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हे चारही मित्रांना तोंडपाठ असले पाहिजे. वेळ येईल, तेव्हा वस्तीवर कोण हजर असेल, हे सांगता येत नाही.

शेवटी स्प्रिंगवाल्यांना एक सांगणे. मदत घेताना मान खाली घालू नका. पैरा घेतला म्हणजे मिंधेपणा आला, असे आपण नांगरटीत कधी मानत नाही. बरे व्हा आणि पैरा फेडा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या दारात सकाळी उभे राहून म्हणा, "चला, पुलापर्यंत जाऊन येऊ." तुमच्याइतके ते दुखणे गावात दुसऱ्या कुणाला कळणार आहे?

या आठवड्यात एवढे करा. तुमच्या आळीत असा कुणी नुकताच घरी आला असेल, तर आज संध्याकाळी जाऊन त्याचे एक काम नाव घेऊन मागून घ्या. पुढच्या अंकात हरभऱ्यावरील घाटेअळीकडे वळू.