सारख्या दिसणाऱ्या शब्दांविषयीं

गेल्या वर्षीं हिंदीचे शिक्षक रजेवर असल्यामुळें आठवीच्या एका तुकडीचा तास मजकडे आला. धड्यांत 'झील' हा शब्द होता. त्याचा अर्थ कोण सांगेल, असें मीं विचारतांच मागच्या बांकावरील एका मुलानें हात वर केला आणि उभा राहून मोठ्या विश्वासानें तो म्हणाला, "सर, झील म्हणजे मुलगा." सारा वर्ग हंसला. सांगावयास लाज वाटते, पण मीही हंसलों. झील म्हणजे सरोवर, असें सांगून मीं पुढला शब्द घेतला. तो मुलगा त्यानंतर कित्येक आठवडे वर्गांत बोलला नाहीं.

पुढें पालकसभेस त्याची आई आली. ती मालवणकडची. बोलतां बोलतां ती म्हणाली, "सर, माझो झील आधी खूप बोलायचो, आता गप रवता." ऐकतांच माझी चूक माझ्या ध्यानांत आली. मालवणींत झील म्हणजे मुलगा आणि चेडू म्हणजे मुलगी. मुलाचें उत्तर त्या धड्यापुरतें चुकलें होतें, परंतु तें अज्ञानाचें उत्तर नव्हतें. त्याला एक शब्द ठाऊक होता, जो मला ठाऊक नव्हता.

आमचे विद्यार्थी लांबलचक इंग्रजी शब्दांस भितात. माझें मत असें आहे कीं, त्या शब्दांपासून फारसें भय नाहीं. अनोळखी शब्द दिसला कीं मनुष्य कोश उघडतो. खरा घात करतो तो ओळखीचा दिसणारा शब्द. कारण तेथें कोश उघडावा असें कोणास वाटतच नाहीं. ही गोष्ट इंग्रजीच्या बोलींत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. इंग्लंडांत सर्वत्र एकच इंग्रजी बोलतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती मुळींच खरी नाहीं.

यॉर्कशायरकडे 'लेक' असें एक क्रियापद आहे. सरोवरवाचक शब्दाशीं त्याचें रूप जुळतें, पण अर्थ आहे खेळणें. सरोवराचा लेक लॅटिनकडून आला. खेळण्याचा लेक आला स्कँडिनेव्हियांतून. तिकडच्या लोकांनीं ८६६ सालीं यॉर्क शहर घेतलें व पुढें त्या मुलुखांत वस्ती केली, तेव्हां त्यांचे शब्दही तेथें राहिले. आतां गंमत पाहा: मालवणींत झील म्हणजे आपला लेक, हिंदींत झील म्हणजे इंग्रजांचा लेक, आणि यॉर्कशायरच्या खेड्यांत लेक म्हणजे खेळणें! यांचें परस्परांशीं कांहींएक नातें नाहीं. नुसता ध्वनि तेवढा जुळला.

त्याच यॉर्क शहरांत स्टोनगेट, मिकलगेट अशा नांवांचे रस्ते आहेत. परका प्रवासी तेथें दरवाजा शोधूं लागेल, तर त्याला तो सांपडावयाचा नाहीं. कारण हा 'गेट' म्हणजे जुन्या नॉर्स भाषेंतील रस्ता. मग तटाच्या दरवाजाला काय म्हणतात? त्याला म्हणतात 'बार'. मिकलगेट बार म्हणजे मिकलगेट रस्त्यावरील वेस.

ह्या शब्दांनीं फार तर वाट चुकेल. 'स्टार्व्ह' ह्या शब्दाची गोष्ट मात्र निराळी. आपण शाळेंत त्याचा अर्थ उपासमार होणें असा शिकतों. इंग्लंडच्या उत्तर भागांतील जुन्या बोलींत त्याचा अर्थ थंडीनें गारठून जाणें असा आहे. हिंवाळ्याच्या रात्रीं एखादी वृद्ध बाई दाराशीं येऊन हा शब्द उच्चारील, आणि कोशावर विसंबणारा सज्जन धांवत जाऊन तिच्यासाठीं भाकरी आणील. बिचारीला हवी होती शेगडीजवळची जागा! आणि यांत बाईची चूक आहे काय? हा शब्द मूळचा मरणें ह्या अर्थाचा. जर्मन भाषेंत त्याचें भावंड आजही त्याच अर्थानें नांदत आहे. प्रमाण इंग्रजीनें त्यांतून भुकेनें मरणें तेवढें ठेविलें, उत्तरेनें थंडीनें मरणें ठेविलें. एकाच वडिलांची मिळकत दोघां भावांनीं वांटून घेतली, इतकेंच. त्यांतील एकास शुद्ध आणि दुसऱ्यास भ्रष्ट म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

'व्हाइल' हें अव्यय यॉर्कशायरांत 'पर्यंत' ह्या अर्थानें येतें. दिवा तांबडा असतांना थांबा, अशी सूचना ह्या शब्दानें लिहिली, तर तेथील माणूस ती 'दिवा तांबडा होईपर्यंत थांबा' अशी वाचील. परिणाम काय होईल हें सांगावयास नको.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलांतही अशीच एक अडचण आहे. तेथें पौलाच्या पत्रांत 'लेट' हा शब्द अडविणें ह्या अर्थानें येतो, म्हणजे आजच्या प्रचलित अर्थाच्या अगदीं उलट. वास्तविक हे दोन भिन्न शब्द. कालांतरानें दोघांचें रूप एक झालें. विद्यार्थी असतांना मीं तें वाक्य उलटें वाचलें होतें आणि वर त्यावर टिपणही लिहिलें होतें!

ह्या बोलींचा मोठा कोश ज्यानें केला, त्या जोसेफ राइटचें चरित्र आमच्या मुलांनीं अवश्य वाचावें. तो १८५५ सालीं यॉर्कशायरांत ब्रॅडफर्डजवळ जन्मला. लहानपणींच खाणीवर गाढवें हांकण्याचें काम त्याच्या वांट्यास आलें. पुढें तो गिरणींत लागला. पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचतां येत नव्हतें. तोच पुढें ऑक्सफर्ड येथें भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचा इंग्रजी बोलींचा कोश १८९८ ते १९०५ ह्या काळांत सहा खंडांत निघाला. त्याच्या आधीं, १८९२ मध्यें, त्यानें आपल्याच गांवाकडच्या विंडहिल बोलीचें व्याकरण प्रसिद्ध केलें होतें. गिरणींतील पोरांची जी भाषा, तिचें व्याकरण! ती भाषा बोलल्याबद्दल लहानपणीं त्याला कोणी गप्प बसविलें असतें, तर तो कोश कदाचित् झालाच नसता.

कांहीं पालक मजपाशीं येऊन म्हणतात, "सर, मुलाची गांवठी भाषा तेवढी घालवा." त्यांचा हेतु चांगला असतो. परीक्षेचा पेपर प्रमाण भाषेंत लिहिला पाहिजे, याविषयीं माझें दुमत नाहीं. त्यासाठीं लाल शाई मीही भरपूर खर्च करतों. परंतु एक शब्द शिकविण्यासाठीं दुसरा शब्द मुलाच्या तोंडून काढून घ्यावा लागतो, हें मला मान्य नाहीं. हिंदींत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठींत शिक्षा म्हणजे दंड, हें आमचीं मुलें दोन दिवसांत शिकतात आणि कधीं घोंटाळा करीत नाहींत. मग घरचा झील आणि पुस्तकांतील झील हे दोन्ही त्यांच्या डोक्यांत सुखानें राहूं शकणार नाहींत काय?

पालकसभेच्या दुसऱ्या दिवशीं मीं त्या वर्गांत गेलों व झाली गोष्ट मुलांना सांगितली. त्या मुलाची क्षमाही मागितली. नंतर वाचनालयांत एक वही ठेविली. आपल्या घरचा जो शब्द पुस्तकांतील शब्दासारखा दिसतो पण ज्याचा अर्थ निराळा आहे, तो ज्यानें त्यानें तींत लिहावा, व खालीं गांवाचें नांव घालावें. पहिल्या पानावर पहिला शब्द 'झील' हाच आहे, आणि त्याच्या खालीं त्याच अक्षरांत, कोणीं न विचारतां, चेडूही लिहिलेला आहे.