मुलांचे मौन हेच गुन्हेगाराचे भांडवल

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, मोबाईलला रेंज मिळावी म्हणून कणकवली तालुक्यातील एक विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास करीत होती. तिच्या जिद्दीचे सर्वत्र कौतुक झाले, आणि ते यथार्थच होते. परंतु ज्या यंत्रातून घरात विद्या आली, त्याच यंत्रातून तोतये आणि धमकीखोरही आले, याची जाणीव समाजाला पुरेशी झालेली दिसत नाही.

मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर कित्येक घरांतील कर्ता पुरुष मुंबईत चाकरमानी. घरी आई, नाहीतर आजी. मुलीच्या छायाचित्राचे विद्रूपीकरण करून कोणी तिला धमकावतो, पैसे मागतो. घरी कळले तर मार बसेल, मोबाईल जाईल, गावभर बोभाटा होईल, या धास्तीने ती गप्प राहते. या मौनावरच गुन्हेगाराचा सारा व्यापार चालतो.

कोणी म्हणेल, मुलांच्या हाती मोबाईल देऊच नये. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. पण बंदी मोडून फसलेले मूल तर तोंड उघडण्यास अधिकच भिते, त्याचे काय?

वास्तविक कायदा मुलाच्या बाजूस उभा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये १८ वर्षांखालील पीडिताचा जबाब त्याच्या घरी अथवा पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यावयाचा असतो. पीडिताची ओळख उघड करण्यास आम्हां वृत्तपत्रांनाही मनाई आहे. मुलांची अश्लील चित्रे पसरविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार पहिल्याच अपराधास ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे लुबाडले गेल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. धमकीचे संदेश मात्र लाजेने पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय.

तथापि तक्रारीची पहिली पायरी पोलीस ठाण्याची नसून घराच्या ओटीची आहे. शाळांनी हे क्रमांक फळ्यावर लिहावेत आणि मुलांनी विश्वासाने ज्यांच्याकडे जावे असे एक शिक्षक नेमावेत. गणपतीला घरी येणाऱ्या चाकरमान्यांनी आपल्या मुलांना एवढेच वचन द्यावे : ‘तू सांगितलेस तर मोबाईल जाणार नाही, आणि मारही बसणार नाही.’ हे वचन ज्या घरात पाळले जाईल, तेथे धमकी देणाऱ्याचे हत्यार बोथट झालेच म्हणून समजावे.